सिकलसेलची पेशंट तिसऱ्या दिवशी ‘शांत’ झाली, तर काय समजायचं?

जीएनएम_तिसरं_वर्ष, नंदुरबार

नमस्कार मॅडम, सर, ताई-दादा. आमच्या ग्रुपला अभ्यासासाठी एक केस दिली आहे. कागदावरचीच आहे, पण धडगाव-मोलगीकडून येणारे पेशंट डोळ्यासमोर ठेवून बनवलेली दिसते.

मुलगी १९ वर्षांची, वजन ४० किलो, सिकलसेल एसएस (आई-वडील दोघांकडून सिकल जीन आलेली, म्हणजे वाहक नाही, आजारीच). दोन्ही पाय आणि कंबर दुखते म्हणून संध्याकाळी अ‍ॅडमिट. तेव्हा टेम्परेचर ९९.३, पल्स १०४, रेस्पिरेशन २०, बीपी ११०/७०, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) रूम एअरवर (वेगळा ऑक्सिजन न देता) ९६, दुखणं दहापैकी ८. हिमोग्लोबिन ८.१, नेहमीचं साडेआठच्या आसपास असतं. एनएस (नॉर्मल सलाईन) ताशी १०० मिली, पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल चालू.

तिसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता टेम्परेचर १००.८, पल्स ११२, बीपी १०८/७०, एसपीओटू ९२. चार्टवर रेस्पिरेशन पहिल्यापासून प्रत्येक वेळी २० लिहिलंय. केसच्या खाली मात्र टीप आहे की पूर्ण मिनिट मोजल्यावर २८ भरतं. दुखणं विचारलं तर ‘आता कमी आहे’ म्हणते, ५ सांगते. फारसं बोलत नाही, उजव्या कुशीवर पडून राहते, खोल श्वास घेतला की बरगडीत कळ येते.

दुखणं उतरलं म्हणून ती शांत आहे, की बिघडतेय? डॉक्टरांना कळवण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने? आणि केअर प्लॅनमध्ये पहिलं नर्सिंग निदान कोणतं लिहायचं? ग्रुपमधल्या सगळ्यांनी ‘तीव्र वेदना’ पहिल्या नंबरला टाकलंय.

---

वॉर्ड_सिस्टर, धुळे

ती बिघडतेय. तिला बोलायला श्वास पुरत नाहीये, म्हणून ती गप्प आहे. ही अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोमची (सिकलसेलमध्ये फुप्फुस अचानक बिघडतं त्याची) सुरुवात धरूनच हालचाल करायची, एक्स-रेची वाट बघत बसायचं नाही. एक्स-रे सुरुवातीला चक्क स्वच्छ येऊ शकतो.

हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच दिसतं असं नाही. पेशंट हाडांच्या दुखण्याने येते आणि छातीचं लक्षण पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. कारण एकच नसतं. बरगडी दुखते म्हणून श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथलं ऑक्सिजन घटतं. ऑक्सिजन घटलं की लाल पेशी आणखी विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणजे चक्र सुरूच राहतं. शिवाय दुखावलेल्या हाडाच्या मगजातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते, इन्फेक्शन असू शकतं, सलाईन जास्त झालेलं असू शकतं.

दुखणं ८ वरून ५ आलं, हा आकडा एकटा फसवतो. ‘किती दुखतं’ याच्या आधी ‘कुठे दुखतं’ विचारा. आधी पाय आणि कंबर होती, आता बरगडी आहे. जागा बदलली म्हणजे हे नवीन लक्षण आहे आणि ते वेगळं नोंदवायचं. सिकलसेलचे जुने पेशंट दुखण्याला सरावलेले असतात, ओरडत नाहीत. ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं धरू नका, आणि मोबाईल बघतेय म्हणून खोटं बोलतेय असंही धरू नका.

क्रम असा ठेवा. बेड सोडू नका, मदतीला हाक मारा. डोकं ४५ अंशांवर उचला. मनगट धरून पल्स मोजत असल्यासारखं दाखवा आणि नजर छाती-पोटाच्या वरखाली होण्यावर ठेवून ६० सेकंद श्वास मोजा. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की गती बदलते. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीने चारचा फरक पडतो.

मग प्रोब तपासा. बोट गार आहे का, नखावर नेलपॉलिश किंवा दाट मेंदी आहे का, बीपीचा कफ त्याच हाताला फुगतोय का. स्क्रीनवरची लहर एकसारखी येत नसेल तर आकडा मानायचा नाही, बोट चोळून गरम करा किंवा कानाच्या पाळीला लावायचा प्रोब घ्या. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतो, म्हणून ९२ ला ‘ठीकच आहे’ म्हणू नका. ९६ चे ९२ झाले हा उतार महत्त्वाचा.

वॉर्डच्या स्थायी सूचनेप्रमाणे नेझल प्रॉंग्सने (नाकात लावायच्या नळीने) मिनिटाला २ लिटरपासून ऑक्सिजन चालू करा, लक्ष्य ९५ किंवा वर. स्टेथो मागून, खांद्याच्या पात्याच्या खाली दोन्ही बाजूंना लावा. आवाज तिथे कमी होतो किंवा करकर तिथे ऐकू येते. पुढून ऐकून ‘चेस्ट क्लिअर’ लिहिण्याला अर्थ नाही.

ट्रॅमाडॉलमुळे झोपेत आहे का, हेही बघायचं. हाक मारल्यावर लगेच डोळे उघडून नीट उत्तर देते का? औषधाची गुंगी जास्त झाली तर श्वास मंदावतो, मिनिटाला १० च्या खाली येतो आणि पेशंट बोलता बोलता झोपते. इथे २८ आहे, म्हणजे दोष औषधावर ढकलता येत नाही. दुखण्याचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरगडीची कळ तशीच राहिली तर श्वास आणखी उथळ होईल.

---

क्लिनिकल_ट्यूटर, जळगाव

वरच्या सिस्टरांनी श्वासावर जोर दिलाय तो का, हे आकड्यात बघा. न्यूज-टू हा (पेशंट किती बिघडलाय ते मोजणारा) स्कोअर १६ वर्षांवरच्या, गरोदर नसलेल्या पेशंटसाठी आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी हिचे गुण: पल्सचा १, बीपीचा १, एकूण २. सकाळी ६ वाजता: रेस्पिरेशन २८ चे ३, एसपीओटू ९२ चे २, टेम्परेचरचा १, पल्सचे २, बीपीचा १, एकूण ९. सात किंवा जास्त म्हणजे तातडीने डॉक्टर बेडपाशी हवेत. चार्टवरचं खोटं २० धरलं तर स्कोअर ६ येतो आणि एक पायरी खालची कारवाई होते. नऊचे सहा झाले ते फक्त श्वास न मोजल्यामुळे.

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. २ लिटर ऑक्सिजनवर एसपीओटू ९५ झालं की सगळे निर्धास्त होतात. परत गुण मोजा: एसपीओटूचा आता १, पण ऑक्सिजन चालू असल्याचे २ वाढले, म्हणून एकूण १०. आकडा सुधारलाय, पेशंट सुधारलेली नाही. नोंदीत एसपीओटू लिहिताना ‘रूम एअरवर’ की ‘इतक्या लिटरवर’ हे प्रत्येक वेळी लिहा. नुसतं ९५ बघून पुढच्या ड्युटीला काहीच कळत नाही.

फोनवर ‘सर, बेड सातला दम लागतोय, येता का’ एवढंच सांगितलं तर ‘नेब्युलायझेशन द्या, येतो’ असं उत्तर मिळतं. असं सांगा:

‘सर, फिमेल मेडिकल, बेड सात, १९ वर्षांची सिकलसेल एसएस. श्वास वाढलाय आणि ऑक्सिजन पडलंय, मला अ‍ॅक्यूट चेस्टची शंका आहे. परवा संध्याकाळी पाय-कंबरदुखीने आली, तेव्हा रेस्पिरेशन २०, एसपीओटू ९६ होतं. आत्ता पूर्ण मिनिट मोजून २८, रूम एअरवर ९२, दोन लिटरवर ९५. टेम्परेचर १००.८, पल्स ११२, बीपी १०८/७०. उजव्या बरगडीत नवीन कळ आहे, उजवीकडे मागे खाली हवा कमी ऐकू येते. तुम्ही आत्ताच येऊन बघावं. एक्स-रे, सीबीसी, रेटिक, ब्लड कल्चर आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल तयारीत ठेवू का?’ (रेटिक म्हणजे कोवळ्या लाल पेशींची मोजणी, क्रॉसमॅच म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते बघणं.)

शंकेचं नाव घ्यायला घाबरू नका. निदान डॉक्टर करतील, शंका नोंदवणं नर्सच्या कामातच येतं. ऑर्डर फोनवर मिळाली तर तुम्ही ती वाचून दाखवा, वेळ लिहा, डॉक्टर आल्यावर सही घ्या.

केअर प्लॅनमध्ये पहिलं ‘वायूंच्या देवाणघेवाणीत बिघाड’, मग ‘अपुरा श्वसन प्रकार’, मग ‘तीव्र वेदना’. वेदना तिसरी लिहिली म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करायचं असं नाही. वेदना उतरवणं हा श्वास सुधारण्याचाच उपाय आहे, हे कारणमीमांसेच्या रकान्यात नक्की लिहा. शिरेतून औषध दिल्यावर १५ ते ३० मिनिटांनी आणि तोंडाने दिल्यावर तासाभराने दुखणं परत विचारून आकडा टाकायचा. पेशंट नव्याने दुखण्याने येते तेव्हा पहिला डोस तासाभराच्या आत मिळायला हवा.

---

जीएनएम_तिसरं_वर्ष, नंदुरबार

मॅडम, सर, खूप खूप आभार. श्वासाचे गुण आम्ही २० धरूनच काढले होते.

अजून एक शंका. केसमध्ये पहिल्या चोवीस तासांचं इनटेक-आउटपुट आहे: सलाईन २४०० मिली, तोंडाने १५००, लघवी २६००, रंग पाण्यासारखा. सिकलसेलला भरपूर पाणी द्यायचं असंच शिकवलंय, आणि लघवी स्वच्छ आहे म्हणजे हायड्रेशन चांगलं आहे, असं आम्ही लिहिलंय. बरोबर आहे ना?

---

वॉर्ड_सिस्टर, धुळे

नाही, आणि इथेच पेपर काढणाऱ्याने खाच ठेवली आहे.

४० किलोला रोजची गरज काढा. पहिल्या १० किलोला १०० मिली प्रमाणे १०००, पुढच्या १० ला ५० प्रमाणे ५००, उरलेल्या २० ला २० प्रमाणे ४००. एकूण १९०० मिली, म्हणजे ताशी साधारण ८०. २० थेंबांना १ मिली असलेल्या सेटवर मिनिटाला २७ थेंब. ही गरज सलाईन आणि तोंडाने मिळून आहे. हिला ३९०० मिली गेलंय, म्हणजे दुप्पट. गरजेच्या दीडपटीच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं आणि अ‍ॅक्यूट चेस्टला हातभार लावतं. पेशंट तोंडाने पिऊ लागली की तेवढं सलाईन कमी करायची ऑर्डर मागून घ्यायची. बाटली संपली की सवयीने दुसरी लावून टाकणं हा सगळ्यात मोठा घोळ.

लघवीच्या रंगाचंही तसंच. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करायची ताकद लहानपणापासूनच कमी होत जाते. शरीर कोरडं पडलेलं असतानाही लघवी भरपूर आणि पाण्यासारखी येऊ शकते. बाकी पेशंटला लावतो तो ‘लघवी पिवळी म्हणजे पाणी कमी’ हा हिशोब इथे दोन्ही बाजूंनी चुकतो. जीभ आणि ओठ बघा, पल्स बघा आणि रोज सकाळी त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन घ्या. एका दिवसात एक किलो वाढलं म्हणजे सुमारे एक लिटर पाणी अंगात राहिलं. सोबत डोळ्यांखालची सूज आणि स्टेथोने पाठीमागून येणारी करकरही बघा.

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला घरासाठी आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा शेतात किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्याला तो जीव वाचवणारा सल्ला आहे. ऊसतोडीला किंवा कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या पेशंटला सुट्टी देताना पाण्याच्या बाटलीबरोबर हायड्रॉक्सियुरियाच्या (सिकलसेलच्या रोजच्या औषधाच्या) कॅप्सूल किती दिवसांच्या आहेत आणि परतण्याची तारीख काय, हेही विचारायचं. तिकडे गेल्यावर औषध तुटतं आणि ती दुखणं घेऊनच परत येते.

---

रक्तपेढी_टेक्निशियन, जळगाव

रक्ताबद्दल थोडं. कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढंच असेल तर ते बहुतेक सोल्युबिलिटी टेस्टचं असतं. ती टेस्ट वाहक एएस आणि आजारी एसएस यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारा एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट लागतो. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासलेली माणसं वाढली आहेत, त्यामुळे अर्धवट रिपोर्ट घेऊन येणारेही वाढले आहेत. वाहकाचं हाड दुखलं तर दुसरं कारण शोधावं लागतं. एचपीएलसी राहिलेली असेल तर सॅम्पल रक्त चढवण्याच्या आधी घ्या, चढवल्यावर रिपोर्टमध्ये दात्याचं हिमोग्लोबिन मिसळतं.

मागणीच्या फॉर्मवर ‘अ‍ॅनिमिया’ लिहू नका, ‘सिकलसेल एसएस’ लिहा, आधी कधी आणि कुठे रक्त चढलं तेही लिहा. त्यावरून आम्ही एबीओ आणि डी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) शिवाय आर-एचचे बाकी अँटिजेन आणि केल हा रक्तगट जुळवायचा प्रयत्न करतो. हिचं ८.१ हे तिच्यासाठी नेहमीच्या जवळचं आहे. साध्या चढवणीत (पेशंटचं रक्त न काढता नुसतं चढवताना) हिमोग्लोबिन १० च्या वर नेत नाहीत, रक्त घट्ट होऊन नळ्या आणखी तुंबतात.

बॅग लावल्यावर पहिली १५ मिनिटं संथ, आणि सिस्टर बेडपाशीच. बॅग फ्रीजबाहेर आल्यापासून ४ तासांत संपली पाहिजे. आणि घरी जाताना पेशंटला सांगा: पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, डोळे पिवळे झाले किंवा पुन्हा तसंच दुखू लागलं, तर लगेच या आणि रक्त चढवल्याचं स्वतःहून सांगा. उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन साध्या दुखण्यासारखीच दिसते. तेव्हा हिमोग्लोबिन चढवण्याच्या आधीपेक्षाही खाली गेलेलं असू शकतं, आणि घाईने आणखी एक बॅग लावली तर नुकसान वाढतं.

---

बालविभाग_स्टाफ, शहादा

परीक्षेत हीच केस सहा वर्षांच्या मुलावर आली तर न्यूज-टू लावू नका. लहान मुलांत छातीचं दुखणं नसतानाही अ‍ॅक्यूट चेस्ट होतं, नुसता ताप-खोकला दिसतो. १०१.३ किंवा जास्त ताप म्हणजे इमर्जन्सी. प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे जंतू रक्तात झपाट्याने वाढतात. कल्चर घेऊन अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे प्लीहा. मूल अचानक पांढरं पडलं, मलूल झालं, पोट डावीकडे फुगलं तर बोटांनी प्लीहेची कड शोधून त्वचेवर पेनने खूण करा आणि वेळ लिहा. दोन तासांनी कड खूण ओलांडून गेली असेल तर रक्त प्लीहेत अडकतंय. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा २ ग्रॅमने पडलेलं सापडतं. आईलाही हात धरून हे चाचपायला शिकवता येतं, एकदा दाखवलं की विसरत नाहीत.

आणि हिमोग्लोबिन कमी दिसलं की आयर्नच्या गोळ्या देऊ नका. तपासणीत लोह कमी आलं तरच आयर्न, एरवी फॉलिक अ‍ॅसिड.

---

जीएनएम_तिसरं_वर्ष, नंदुरबार

शेवटचे दोन प्रश्न. केअर प्लॅनमध्ये श्वासाच्या व्यायामासाठी स्पायरोमेट्री (बॉलच्या डब्यातून श्वास ओढणं) लिहायची, पण ग्रामीण रुग्णालयात तो बॉलचा डबा नसेल तर? आणि धडगावसारख्या ठिकाणाहून पाठवायचं झालं तर सोबत काय बघायचं?

---

क्लिनिकल_ट्यूटर, जळगाव

डबा असेल तर जागेपणी दर दोन तासांनी १० वेळा. पेशंट हमखास त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, नळीतून हळू आत ओढायचं आणि बॉल वर असताना ३ सेकंद धरायचं. डबा नसेल तर उशी बरगडीवर दाबून धरायला द्या, नाकाने खोल श्वास, ३ ते ५ सेकंद रोखणं, ओठ चंबूसारखे करून सोडणं, तेच १० वेळा. दुखण्याच्या औषधाचा असर चढल्यावर करून घ्या, आधी केलं तर ती दोन श्वासांत सोडून देईल.

पाठवताना सिलिंडरचा हिशोब निघण्याआधी करा. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतं. मिनिटाला ४ लिटरने सव्वासहा तास. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा, आणि वाटेत गरज ८ लिटरवर गेली तर त्याचाही अर्धा, म्हणजे दीड तास आणि थोडी मिनिटं. घाटातला वेळ धरून त्याच्या दुप्पट ऑक्सिजन जवळ ठेवा. डोकं वर, अंगावर ब्लँकेट (थंडीनेही दुखणं भडकतं), शिरेत चालू लाईन, दर १५ मिनिटांनी पूर्ण मिनिट मोजलेलं रेस्पिरेशन. सोबत एचपीएलसी रिपोर्ट, सलाईन-लघवीचा तक्ता, आणि वेदनेचं व अँटिबायोटिकचं शेवटचं औषध किती वाजता, किती दिलं ते. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून ‘सिकलसेल एसएस, अ‍ॅक्यूट चेस्टची शंका, रक्त लागू शकतं’ एवढं सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत त्यांना रक्तपेढीला कळवता येतं.